फोनला कवच, पण माणसाला?



गेल्या रविवारी दुपारी माझा भाचा घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा आणि खिशात नवा कोरा फोन. भाचा दुचाकीवरून पार्सले पोचवण्याचे काम करतो. सकाळी आठला बाहेर पडतो तो रात्री दहाला परततो. कुठल्या इमारतीत जायचे, कितव्या मजल्यावर जायचे, पैसे घ्यायचे आहेत की आधीच भरलेले आहेत, हे सगळे त्याला फोनच सांगतो. जुन्या फोनचा डिस्प्ले पावसात गेला, दोन दिवस रोजी बुडाली, म्हणून त्याने हप्त्यावर नवा घेतला. वहिनीने तो पदराने पुसून पुन्हा खोक्यात ठेवला. मी मात्र आधी बिल मागितले. माझी ही जुनी खोड आहे.

बिलावर फोनची किंमत १४,९९९ रुपये. त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'संरक्षण योजना, १ वर्ष' आणि पुढे १,२९९ रुपये.

"हे काय रे?" मी विचारले.

"आत्या, ते घ्यावंच लागतं. हप्त्यावर घेतला की कंपल्सरी आहे, दुकानवाला म्हणाला. आणि महिन्याला फक्त एकशे आठ रुपये जास्त जातात."

"कागद वाचलास?"

"कागद कुठे? मेसेज आलाय. त्यात एक लिंक आहे."

वहिनी म्हणाली, "असू दे हो वन्सं. एवढा महागाचा फोन, पडला-झडला तर? विमा असलेला बरा."

वहिनीचे बोलणे काही चुकीचे नव्हते. घामाच्या पैशाने घेतलेली वस्तू जपावी असे कोणालाही वाटते, आणि दुकानदाराला ही भीती पक्की ठाऊक असते. फोन घेईपर्यंत तो सांगतो, "ताई, एकदम मजबूत पीस आहे." पैसे ठरले की लगेच सांगतो, "ताई, एकदा पडला की संपला, संरक्षण घ्याच!" पाच मिनिटांत मजबूत फोन नाजूक कसा झाला, हे आपण विचारत नाही. म्हणून आज या विषयावर लिहायचे ठरवले. फोनसाठी असे संरक्षण विकत घ्यावे की घेऊ नये? घ्यायचे तर काय पाहून घ्यावे?

सक्ती नाही, हे आधी समजून घ्या

पहिली गोष्ट. ही योजना घेणे सक्तीचे नाही. एक वस्तू हवी असेल तर दुसरी वस्तू किंवा सेवा घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा आहे. हप्त्यावर घ्या की रोखीने घ्या, "मला फक्त फोन हवा, बिलात दुसरे काही नको," असे सांगण्याचा हक्क आपला आहे. मात्र तो बिल होण्याआधी वापरावा. नंतर भांडण्यापेक्षा आधी बोलणे केव्हाही सोपे.

मोबाईलवरून खरेदी करणाऱ्यांनीही सावध राहावे. आपण फोन निवडतो आणि पैसे भरताना यादीत संरक्षण योजना आपोआप येऊन बसलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली आहे. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे ही त्यातलीच एक. विमा नाकारणाऱ्याला "मी असुरक्षितच राहीन" अशा शब्दांवर बोट ठेवायला लावून लाजवणे, हीसुद्धा त्यातलीच एक. तेव्हा पैसे भरण्याआधी शेवटचा आकडा फोनच्या किमतीशी ताडून पाहा.

नाव एक, कागद तीन

दुसरी गोष्ट, आणि ही मी स्वतः पैसे घालवून शिकले. काही वर्षांपूर्वी मी एक फोन घेतला, तेव्हा असाच एक 'संरक्षण' कागद घेतला होता. पुढे पाणी भरताना फोन बादलीत पडला. मी निर्धास्त होते. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले, कागद पुढे केला. तिथल्या मुलाने फोन उघडला, आतली लहानशी पट्टी दाखवली. पाणी लागले की ती लाल होते. म्हणाला, "मॅडम, पाण्याचं यात बसत नाही. तुमचा कागद वाढीव वॉरंटीचा आहे." कागद खोटा नव्हता. मीच तो वाचला नव्हता.

तेव्हा हा फरक नीट लक्षात ठेवा. नव्या फोनबरोबर कंपनीची वॉरंटी असतेच, आणि ती बहुधा एक वर्षाची असते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण ती फक्त बनावटीतल्या दोषाला लागू होते. फोन आपोआप बंद पडतो, माईक चालत नाही, चार्जिंग नीट होत नाही, अशा तक्रारी तिच्यात बसतात. फोन पडला, फुटला, भिजला तर ती उपयोगाची नाही. पाण्याला दाद न देणारा म्हणून विकलेला फोनही पाणी शिरून बिघडला, तर बहुतेक कंपन्या तो वॉरंटीत धरत नाहीत.

यावर दुकानात जे विकले जाते त्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला, वाढीव वॉरंटी. कंपनीचे वर्ष संपल्यावर तशाच बनावटीच्या दोषासाठी आणखी एक-दोन वर्षे. पडझड त्यात नाही. दुसरा, अपघाती नुकसानीचे संरक्षण. पडणे, फुटणे, भिजणे यांसाठी. काही योजनांत फक्त स्क्रीन असते, पाणी नसते. तिसरा, चोरीचा विमा. यात पोलिसांकडची नोंद लागते, आणि नुसता हरवला, रिक्षात राहिला, तर बहुतेक ठिकाणी भरपाई मिळत नाही. तिन्ही कागदांवर शब्द मात्र एकच, संरक्षण! म्हणून दुकानदाराला सरळ विचारा: "फोन हातातून पडून स्क्रीन फुटली तर? पाण्यात पडला तर? चोरीला गेला तर?" उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर बोट ठेवून घ्या.

जरा हिशेब मांडू

आता भाच्याच्या फोनचा हिशेब. आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारले की या फोनची स्क्रीन बदलायला किती लागतील. ३,६०० रुपये, असे उत्तर आले. खरेदीआधी हा एक प्रश्न प्रत्येकाने विचारावा, कारण फोनमध्ये सर्वांत आधी फुटते ती स्क्रीनच. मग लिंक उघडून योजनेच्या अटी वाचल्या. दर दुरुस्तीला ६०० रुपये आपण भरायचे आणि वर्षातून एकदाच दुरुस्ती मिळायची.

म्हणजे स्क्रीन फुटलीच, तर योजनेमुळे वाचणार ३,००० रुपये. त्यासाठी आज भरायचे १,२९९. हा सौदा बरोबरीत सुटायचा तर असे फोन घेतलेल्या शंभर जणांपैकी त्रेचाळीस जणांची स्क्रीन वर्षाच्या आत फुटायला हवी. तुमच्या गल्लीत पाहा. दहा घरांत वर्षभरात चार-साडेचार नवे फोन फुटतात का? माझ्या गल्लीत तरी फुटत नाहीत. समजा दोन फुटले. दहा घरांनी मिळून भरले सुमारे १३,००० आणि परत आले ६,०००. मधले पैसे कुठे गेले? विकणाऱ्याचे कमिशन, कंपनीचा खर्च आणि नफा यांत गेले.

याचा अर्थ विमा ही वाईट गोष्ट आहे असा नाही. अनेकांनी थोडे थोडे भरावे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला उभे करावे, ही कल्पना मोलाची आहे. आपली भिशी, आपले बचत गट वेगळे काय करतात? पण विमा घ्यायचा तो अशा नुकसानीचा, जे झाले तर घर कोलमडेल. जे नुकसान महिनाभर कुरकुर करत का होईना आपण भरून काढू शकतो, त्याचा विमा घेणे म्हणजे दुसऱ्याच्या गल्ल्यात पैसे टाकणे. स्वतःच्या डब्यात टाकले तर काय होते पाहा. महिन्याला तेच एकशे आठ रुपये वेगळे ठेवले, तर वर्षाचे होतात १,२९६ आणि तीन वर्षांचे ३,८८८. एक संपूर्ण स्क्रीन त्यात बसते. आणि फोन नाही फुटला, तर पैसे घरातच. मुलांच्या वह्या-पुस्तकांना तरी येतील.

मग कोणीच घेऊ नये का?

तसेही नाही. प्रत्येक घराचा हिशेब निराळा. फोन फार महागाचा असेल आणि स्क्रीनचा खर्च त्याच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात असेल, तर विचार करावा. घरात लहान मूल असेल, हातातून वस्तू वरचेवर पडत असतील, मागचे दोन फोन वर्षाच्या आत फुटले असतील, तर स्वतःशी खोटे बोलू नये. आणि तीन-चार हजारांचा खर्च एकदम आला तर व्याजाने पैसे काढावे लागतील अशी स्थिती असेल, तरी अपघाती नुकसानीची योजना उपयोगी पडू शकते. मात्र ती घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारावेत.

१) दुरुस्तीच्या वेळी माझ्या खिशातून किती जाणार?

२) वर्षात किती वेळा दुरुस्ती मिळणार, आणि फोन जुना झाला म्हणून रक्कम कापणार का?

३) नुकसान झाल्यावर किती तासांत किंवा दिवसांत कळवायचे, आणि कुठे?

४) फोन किती दिवसांत परत मिळणार, आणि दुरुस्ती कंपनीच्या सेंटरमध्ये होणार की दुसरीकडे?

५) कशाकशाला भरपाई नाही? ही यादी सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक अक्षरांत असते. सर्वांत आधी तीच वाचावी.

भाच्याच्या कागदात आम्ही ही शेवटची यादी वाचली आणि वहिनीने डोक्याला हात लावला. तिथे लिहिले होते की धंद्यासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी वापरलेल्या फोनला ही योजना लागू नाही. पोराने फोन घेतला तोच मुळी कामासाठी! उद्या पावसात पार्सल पोचवताना फोन फुटला असता, तर याच एका ओळीवर बोट ठेवून त्याला परत पाठवता आले असते. महिन्याला एकशे आठ रुपये भरून त्याच्याजवळ काय उरले असते? फक्त समाधान, आणि तेही खोटे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर होते दहा दिवसांपर्यंत. ज्याची रोजी फोनवर चालते त्याने दहा दिवस काय करायचे? बुडालेली मजुरी तर कुठलीच योजना देत नाही. म्हणून आम्ही ठरवले की जुन्या फोनची स्क्रीन बाजारात स्वस्तात बदलून घ्यायची आणि तो फोन चार्ज करून घरी ठेवायचा. नवा बंद पडला तर सिम काढून जुन्यात घालायचे आणि तासाभरात पुन्हा कामावर. नव्याला जाड कव्हर, स्क्रीन गार्ड आणि गाडीवर पाणी न शिरणारी पिशवी. भाच्यासारख्यांना खरे संरक्षण हेच.

चुकून घेतले असेल तर

सोमवारी मी भाच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदार आधी ऐकेना. "एकदा बिल झालं की परत होत नाही," म्हणाला. पण त्यांच्याच अटींत लिहिले होते की ठरावीक दिवसांत, एकही दावा केला नसेल तर, योजना रद्द करता येते. ते कलम मी मोठ्याने वाचून दाखवले. आवाज चढवला नाही, पण दुकानातले चार जण ऐकत राहिले. अर्ज लिहून दिला, त्यावर पोच घेतली आणि काही दिवसांनी पैसे परत आले. अशी सवलत सगळ्याच योजनांत असते असे नाही. म्हणून ज्या दिवशी बिल होईल त्याच रात्री अटी वाचाव्यात. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला वाचायला लावा. त्यांचे शिक्षण घराच्या कामी येते याचा त्यांनाही अभिमान वाटतो.

दुकानदार किंवा योजनेची कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, आणि आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तो करता येतो. वकील हवाच असे नाही, पण कागद हवेत. बिल, अटी, मेसेज, सर्व्हिस सेंटरची पावती, सारे जपून ठेवा.

आणखी एक बारकावा. काही योजना विमा कंपनीच्या पॉलिसी असतात, तर काही नुसते दुरुस्तीचे करार असतात. पॉलिसी असेल तर त्यावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक असतो. तिच्याबद्दलची तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करावी. तिथे दाद मिळाली नाही तर विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर आणि विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत. नुसता करार असेल तर ग्राहक आयोग हाच मार्ग.

चोरीच्या भीतीने योजना घेणाऱ्यांना एक सांगते. फोन चोरीला गेला तर तो देशभर बंद पाडण्याची सोय सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर २०२३ पासून आहे, आणि ती फुकट आहे. त्यासाठी पोलिसांतील तक्रारीची प्रत आणि फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. तो खोक्यावर आणि बिलावर असतो. *#०६# दाबले की फोनच्या पडद्यावरही दिसतो. आजच तो वहीत लिहून ठेवा. चोरी झाल्यावर लगेच बँकेला कळवून खाते सुरक्षित करा, कारण फोनपेक्षा खात्यातले पैसे मोठे.

आता मुख्य प्रश्न

दुकानातून परतताना मी भाच्याला सहज विचारले, "फोनचा विमा काढलास. तुझा काढलायस का?"

तो हसला. "माझा कशाला?"

मला हसू आले नाही. दिवसाचे चौदा तास हा मुलगा रस्त्यावर असतो. खड्डे, पाऊस, मागून येणारे ट्रक. पंधरा हजारांच्या फोनसाठी तेराशे रुपये भरायला आपण तयार झालो, आणि ज्या हातात तो फोन असतो त्या हाताचे काय? स्क्रीन ३,६०० रुपयांत बदलते. हात-पाय बदलून मिळत नाहीत.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ पासून सुरू आहे. १८ ते ७० वर्षांच्या, बँकेत किंवा टपाल खात्यात बचत खाते असलेल्या कोणालाही ती घेता येते. वर्षाचा हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू आला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख रुपये, आणि एक डोळा, एक हात वा एक पाय गेला तर १ लाख. दुसरी जीवन ज्योती योजना. १८ ते ५० वर्षांच्या माणसाला वर्षाला ४३६ रुपयांत ती घेता येते, आणि मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी वारसाला २ लाख मिळतात. नव्याने सामील झाल्यावर पहिल्या तीस दिवसांत मात्र फक्त अपघाती मृत्यूलाच भरपाई आहे. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून मेअखेरीस खात्यात तेवढी शिल्लक हवी. ती नसेल तर विमा गुपचूप बंद पडतो आणि घरच्यांना ते कळते संकटाच्या दिवशी.

दोन्ही मिळून ४५६ रुपये. फोनच्या योजनेच्या जवळजवळ एक तृतीयांश! दोन लाखांत माणूस परत येत नाही, हे मीही जाणते. पण त्या घरातल्या मुलांची शाळा सुटत नाही, सावकाराचे दार लगेच ठोठवावे लागत नाही. विमा घ्यायचा तो अशाच संकटाचा.

भाच्याने मंगळवारी कामावर जाण्याआधी बँकेत जाऊन दोन्ही अर्ज भरले. वारसाच्या जागी वहिनीचे नाव घातले. वहिनीने एक रिकामा डबा धुऊन पुसून फळीवर ठेवला आहे. दर महिन्याच्या पगाराला त्यात एकशे आठ रुपये पडणार. "वन्सं, हा आपला घरचा विमा," ती म्हणाली.

तेव्हा वाचकहो, नवा फोन घ्याल तेव्हा जरूर जपा. कव्हर घाला, गार्ड लावा, बिल सांभाळा. संरक्षणाचा कागद पुढे आला तर वाचा, हिशेब मांडा, पटले तर घ्या, नाही पटले तर ताठ मानेने नको म्हणा. पण त्याआधी घरातल्या कमावत्या माणसांची नावे एका कागदावर लिहा, आणि प्रत्येकाच्या नावापुढे खूण करा: याचा विमा आहे का? ज्याच्यापुढे खूण नसेल, त्याच्यासाठी आधी बँकेत जा. फोनचे नंतर बघू.